जळलेले दाणे काय सांगतात?

प्रश्न : पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला ३,५०० वर्षांपूर्वीचे लोक काय खात, हे उत्खननातून कळलं म्हणतात. धान्य इतकी वर्षं टिकतं कसं?

उत्तर : कच्चं धान्य कुजतं, टिकतं ते जळून कोळसा झालेलं. म्हणून चुलीजवळची, राखेच्या खड्ड्यातली माती पाण्यात हलक्या हातानं ढवळतात. कोळसलेले दाणे तरंगतात, ते बारीक चाळणीत धरून सावलीत वाळवतात. उन्हात घाईनं वाळवले तर तडकतात, मग ओळख पटणं अवघड. घोड नदीकाठच्या या वस्तीत मुख्य पीक जवाचं निघालं. मात्र नुसत्या दाण्यांवर भिस्त नको : पालेभाजी, कंद क्वचितच असे उरतात. मांस कुठलं खात हे कळायला जनावरांची हाडंही पाहावी लागतात. इ.स.पू. १००० नंतर तिथं ऐसपैस चौकोनी घरांऐवजी लहान गोल झोपड्या दिसतात, शिकारीवरची भिस्तही वाढलेली. उत्खनकांनी त्याचा संबंध घटलेल्या पावसाशी जोडला.