छोट्या कापड दुकानाची ऑनलाइन विक्रीही असेल, तर कोणती बिलिंग सिस्टिम घ्यावी?

तालुक्याच्या गावात साड्या आणि रेडिमेड कुर्त्यांचं दुकान, सांभाळणारे नवरा-बायको दोघंच, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवरून पार्सलं जायला लागलीत, आता वेबसाइट काढायचीय. तर व्यापार ॲप, टॅली, झोहो की शॉपिफाय, यातलं कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, असा तुमचा प्रश्न. मी सांगली-मिरजेकडच्या दुकानांना बिलिंग बसवून देतो. डीलरशिप कुणाचीच घेतलेली नाही, त्यामुळे सरळ सांगतो. सॉफ्टवेअरचं नाव शेवटी ठरवा. मालाची शिल्लक कुठे बघायची, हे आधी ठरवा. ती जागा एकच हवी. बिल छापायला काय, कुठलंही सॉफ्टवेअर छापतं.

साडी हा एकेका नगाचा माल. त्याच रंगाची, त्याच काठाची दुसरी साडी दुकानात असेलच असं नाही. दुपारी काउंटरवरून गेलेली साडी रात्री वेबसाइटवर तशीच दिसत राहिली, की कुणीतरी पैसे भरतं. मग फोन, माफी, पैसे परत. किराणावाल्याला हा ताप नाही. साबणाची एक वडी गेली तर मागे खोकं असतं. म्हणून किराणा दुकानदाराने कौतुक केलेली सिस्टिम तुम्हाला चालेलच असं धरू नका.

दिवसाला किती ऑर्डरी येतात ते तुम्ही लिहिलेलं नाही. पाच-सात असतील आणि सगळ्या व्हॉट्सॲपवर बोलूनच ठरत असतील, तर वेबसाइट आणि काउंटरची शिल्लक एकमेकांना जोडायच्या भानगडीत सध्या पडू नका. खात्यात पैसे जमा झालेले दिसले (स्क्रीनशॉट नव्हे, खातं बघा, खोटे स्क्रीनशॉट भरपूर फिरतात) की त्याच क्षणी काउंटरच्याच सॉफ्टवेअरमध्ये बिल करून टाकायचं. पार्सल बांधेपर्यंत थांबायचं नाही. बिल झालं की नग शिलकेतून उतरला, विषय संपला. "ताई, ही बाजूला ठेवा, संध्याकाळी पैसे टाकते" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी सेल ऑर्डर करून नग अडकवून ठेवायची सोय आहे का, एवढं मात्र बघून घ्या. कापडाच्या धंद्यात ही सोय रोज लागते आणि डेमो देणारा ती कधी दाखवत नाही.

गिऱ्हाईक तुमच्याशी एक शब्द न बोलता रात्री अकराला पैसे भरून मोकळं व्हायला लागलं, की जोडणी लागतेच. इथे "आमच्यात ऑनलाइन स्टोअर आहे" या वाक्यावर जाऊ नका. काही ठिकाणी ते नुसतं फोटोंचं पान असतं, ऑर्डर शेवटी व्हॉट्सॲपवरच येते. डेमोला आलेल्या माणसाला सांगा, शेवटचा एक नग काउंटरवर विकून दाखव, आणि तुम्ही हातातल्या मोबाइलवर वेबसाइट उघडून बसा. नग लगेच गेला पाहिजे. दर पंधरा मिनिटांनी किंवा तासाने जुळणारी शिल्लक किराण्याला पुरते, साडीला नाही. मग उलटंही करून बघा: वेबसाइटवर ऑर्डर टाका आणि काउंटरवर तोच बारकोड मारा.

ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशोवर जायचं असेल तर एकेक नगाचा माल तिथे टाकूच नका, असं माझं मत आहे. परकर, लेगिंग, साधे कुर्ते, असा लॉटमध्ये येणारा माल टाका आणि सॉफ्टवेअरमध्ये त्याचं वेगळं गोडाऊन दाखवा. वीस नग तिकडचे म्हटले की काउंटरवरून त्यांना हात लावायचा नाही. या कंपन्या पैसे देताना जीएसटीचा 0.5 टक्के टीसीएस (तुमच्या नावाने सरकारकडे आधीच भरायचा कर) कापतात (10 जुलै 2024 पूर्वी तो 1 टक्का होता). शिवाय आयकराचा 0.1 टक्का टीडीएस, तोही असाच आधी कापलेला, असतो; वैयक्तिक व्यापाऱ्याची त्या कंपनीमार्फतची वर्षाची विक्री 5 लाखांच्या आत असेल आणि पॅन दिलेला असेल तर तो लागत नाही. कापलेलं परत मिळवता येतं, पण त्यासाठी विक्री, परत आलेला माल आणि कापलेली रक्कम वेगवेगळी नोंदवता आली पाहिजे. खात्यात आलेली रक्कम हीच विक्री म्हणून लिहिली, तर मार्चमध्ये तुमच्या सीएचं डोकं फिरेल.

आता जीएसटी. मालाच्या व्यापाऱ्याला आपल्याकडे 40 लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तुमचा माल राज्याबाहेर जायला लागला की ही मर्यादा कामाची राहत नाही. बंगळुरूला एक कुर्ता पाठवायचा तरी नोंदणी लागते. कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांच्या सोप्या जीएसटी योजनेत) असाल तर राज्याबाहेर विकताच येत नाही, आणि बिलावर कर लावताही येत नाही. तुम्ही यातलं काय आहात ते आधी सीएला विचारा, कारण नेमकं कुठलं बिल छापायचं ते त्यावरच ठरतं.

नेहमीच्या नोंदणीत असाल, तर कुठलंही सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी स्वतःची अवघड बिलं घेऊन बसा. डीलर त्याचं सोपं बिल दाखवतो: दोन वस्तू, रोख पैसे, प्रिंट. तुम्ही पुढची बिलं करायला लावा.

पहिलं, कुर्त्याचं. 22 सप्टेंबर 2025 पासून तयार कपड्यांवर एका नगाची किंमत 2,500 पर्यंत असेल तर 5 टक्के, वर गेली की 18 टक्के. साडी कापडात धरतात, म्हणून ती कितीही महाग असली तरी 5 टक्केच. आता कर सोडून किंमत 2,800 असलेला कुर्ता दिवाळीला 15 टक्के सवलतीत द्या. किंमत झाली 2,380, म्हणजे कर 5 टक्के, 119 रुपये, आणि बिल 2,499. सॉफ्टवेअरने मूळ किंमत धरून 18 टक्के लावले तर ते तुमच्या कामाचं नाही. त्याच बिलात एक साडी घालून सवलत एकूण रकमेवर द्या, आणि ती दोन्ही नगांवर नीट वाटली जाते का ते बघा.

याच नियमात एक गंमत आहे. करासकट 2,700 अशी चिठ्ठी लावलेला कुर्ता घ्या. 5 टक्के धरून कर बाजूला काढला तर मूळ किंमत 2,571 येते, म्हणजे मर्यादेच्या वर, म्हणून 18 टक्के. 18 टक्के धरून काढला तर 2,288 येते, म्हणजे मर्यादेच्या आत, म्हणून 5 टक्के. हिशेब बसतच नाही. करासकट 2,625 च्या वर आणि 2,950 पर्यंतची कुठलीही किंमत अशीच लटकते. कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, तुमच्या तयार कपड्यांच्या चिठ्ठ्या या पट्ट्यातून बाहेर काढा.

दुसरं बिल बेळगावच्या गिऱ्हाइकाचं. दुकानात येऊन, पत्ता न लिहिता साडी नेली तर सीजीएसटी-एसजीएसटी (केंद्राचा आणि महाराष्ट्राचा अर्धा-अर्धा). तीच साडी त्याच बाईंना कुरिअरने बेळगावला पाठवली तर आयजीएसटी, म्हणजे राज्याबाहेरच्या विक्रीचा कर. बिलावर राज्य निवडलं की कर आपोआप बदलायला हवा. वेबसाइटवरून आलेल्या ऑर्डरीतही पत्त्यातलं राज्य तसंच बिलात उतरलं पाहिजे. जोडणी बऱ्याचदा इथेच लंगडते आणि सगळी विक्री महाराष्ट्रातली म्हणून बसते.

तिसरं बिल बदलून नेण्याचं. वेबसाइटवर घेतलेला कुर्ता गिऱ्हाईक दुकानात घेऊन आलं, मोठा साइज नेला, वरचे दीडशे रुपये यूपीआयने दिले. क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची नोंद), नवं बिल, दोन्ही शिल्लकी आणि गल्ल्याचा रोजमेळ, हे सगळं न अडखळता जमलं तर ती सिस्टिम चांगली. इथे "सर, हे मॅन्युअली करावं लागेल" असं ऐकू आलं तर चहा पाजून पाठवून द्या.

नावांचं सांगायचं तर, नुसती व्हॉट्सॲपची विक्री आणि माणसं दोन असतील तर व्यापारसारखं हलकं ॲप पुरतं. मोबाइलवर चालतं, नेट गेलं तरी बिल होतं, शिकायला वेळ लागत नाही. टॅली हिशेबाला भक्कम आणि तुमच्या सीएच्या हातातली, पण वेबसाइटशी जोडायला सहसा कुणाचं तरी वेगळं ॲड-ऑन लागतं, आणि ते बिघडलं की टॅलीवाला त्याच्याकडे बोट दाखवतो, तो टॅलीकडे. साइज-रंगाचं कोष्टक, बारकोड, दोन-तीन काउंटर असा पसारा असेल तर गोफ्रुगल किंवा झोहोचं झाक्या यांचे डेमो घ्या. शॉपिफायचा फायदा एवढाच की वेबसाइट आणि काउंटर एकाच शिलकेवर चालतात. विक्री मुख्यतः ऑनलाइन आणि दुकान जोडीला असेल तर मी तेच सुचवेन. तुमचं सध्या उलट दिसतंय. शिवाय त्यांचं स्वतःचं पेमेंट भारतात नाही, त्यामुळे दुसरं गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) घ्यावं लागतं आणि त्यापोटी प्लॅनप्रमाणे शॉपिफायचं वेगळं शुल्कही असतं. हा खर्च धरूनच तुलना करा.

काउंटरवर बँक खात्यातून आलेल्या यूपीआयला दुकानदाराला शुल्क पडत नाही. वेबसाइटच्या गेटवेचं मात्र साधारण 2 टक्के आणि त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी धरा, म्हणजे हजाराला 23 रुपये 60 पैसे. ऑनलाइनची किंमत ठरवताना हे आणि कुरिअर दोन्ही धरा. कॅश ऑन डिलिव्हरी सुरू केलीत तर सॉफ्टवेअरमध्ये कुरिअरचं वेगळं खातं उघडा, कारण ते पैसे दिवसांनी येतात आणि परत आलेली पार्सलं त्यातच मिसळतात.

यंत्रांवर फार डोकं घालू नका. तीन इंची थर्मल प्रिंटर, 50 बाय 25 मिमीच्या लेबलांचा छोटा बारकोड प्रिंटर आणि एक स्कॅनर, बस्स. साडीला लेबल चिकटवू नका, दोऱ्याने बांधा. बिलावर मराठीत नावं हवी असतील तर डेमोतच मराठी छापून बघा. कित्येक प्रिंटरवर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. थर्मल कागदावरचं छापलेलं उडतं आणि जीएसटीचे कागद वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून 72 महिने ठेवावे लागतात, म्हणून बिलाची प्रत सॉफ्टवेअरमध्ये असतेच याची खात्री करा.

पैसे देण्यापूर्वी शेवटचं विचारा: वर्गणी थांबवली तर माझा माल, गिऱ्हाइकं आणि जुनी बिलं एक्सेलमध्ये मिळतील का? तोंडी "हो" नको, समोर फाइल काढून दाखवू दे.

बदल दिवाळीत किंवा लग्नसराईत करू नका. 1 एप्रिल सोयीची, कारण बिलांचे नंबर आर्थिक वर्षाला नव्याने सुरू करता येतात आणि मालाची मोजणीही तेव्हा होतेच. काउंटर आणि वेबसाइटसाठी दोन वेगळ्या मालिका लावा, नंबर 16 अक्षरांच्या आत ठेवा. आणि दिवसाला किती ऑर्डरी येतात ते कमेंटमध्ये लिहा, म्हणजे वेबसाइटची जोडणी आत्ताच घ्यायची की पुढच्या वर्षी, हे नेमकं सांगता येईल.