लांबचं सैल, जवळचं घट्ट

प्रिय,

तुझा आराखडा मिळाला. पंचविशी ते चाळिशीचे रकाने आखून त्यात नोकरी, पैसा, शिक्षण, तब्येत सगळं नीट मांडलंयस. या वयात कुणी एवढा विचार करतं याचं मला मनापासून कौतुक वाटलं, म्हणून जे खटकलं तेही स्पष्टच लिहिते.

लांबचं सैल ठेवावं आणि जवळचं घट्ट बांधावं, असं माझं मत आहे. तुझ्या कागदावर नेमकं उलटं झालंय. अडतिसाव्या वर्षी कोणत्या पदावर असशील ते लिहिलंयस, पण येत्या आठवड्यात काय करणार याचा पत्ता नाही.

२०१३ साली जोर्डी क्वॉइडबाक, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९ हजारांहून अधिक लोकांवरचा अभ्यास ‘सायन्स’ या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध केला. गेल्या दहा वर्षांत तुम्ही किती बदललात, असं विचारलं की लोकांच्या मते बदल बराच झालेला असे. पुढच्या दहा वर्षांत मात्र आपण फारसे बदलणार नाही, असं त्यांना वाटे. तरुणांना तसं वाटत होतं आणि साठी ओलांडलेल्यांनाही. तुझ्या पस्तिशीच्या रकान्यात ‘व्यवस्थापक’ आहे. दिवसभर इतरांना कामं वाटून देण्यात, त्यांची भांडणं सोडवण्यात तुझं मन रमेल का? आज तुलाही ते सांगता येणार नाही. तिथे पद खोडून दिशा लिही: कसल्या कामात राहायचंय, कसल्या माणसांत, किती मोकळा वेळ हाताशी ठेवून. पुढे ज्या वाटा समोर येतील त्यांची नावं आज तुला माहीतही नसतील, दिशा असली तर त्या ओळखता येतील.

बचत आणि तब्येत यांना हा नियम लावू नकोस. तू पुढे कुणीही झालीस तरी या दोन्ही लागणारच, म्हणून त्यांची सुरुवात आत्ताच हवी. वर्षाला ७ टक्के चक्रवाढ दराने रक्कम साधारण १० वर्षांत दुप्पट होते. दहा वर्षं उशीर केला की अशी एक दुप्पट हातची जाते.

आता जवळचं. तुझ्या यादीत ‘लेखन सुधारणे’ अशी ओळ आहे. ती वाचून उद्या सकाळी उठल्यावर तू काय करशील? एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षं संशोधन करून दाखवलं की ‘जमेल तेवढं कर’ म्हणण्यापेक्षा नेमकं आणि थोडं अवघड उद्दिष्ट दिलं की काम चांगलं होतं. पीटर गॉलवित्झर या मानसशास्त्रज्ञांनी त्यात आणखी एक भर घातली: अमुक वेळ आली की मी तमुक करीन, असं आधीच ठरवून ठेवलं तर ते पार पडण्याची शक्यता वाढते. म्हणून ती ओळ अशी कर: ‘मंगळवारी रात्री जेवण झालं की टेबलाशी बसून एक पान लिहीन, शनिवारी ते जाणत्या माणसाला दाखवीन.’ मंगळवार चुकला तर काय, हेही तिथेच लिही. चुकणार आहेच.

आणि वेळेचा अंदाज. १९९४च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पूर्ण होईल असं विचारलं होतं. सरासरी अंदाज साधारण ३४ दिवसांचा निघाला, प्रत्यक्षात लागले ५५च्या आसपास. सगळंच बिघडलं तर किती लागतील, याचा त्यांचा अंदाजही खऱ्यापेक्षा कमीच होता. आपण कामाकडे बघून अंदाज बांधतो, पण आपलं असलंच मागचं काम किती लांबलं होतं ते आठवत नाही. तू ते आठव आणि त्यावरून तारीख ठरव.

एक नाजूक गोष्ट. काही ओळी वाचताना मला तुझा आवाज ऐकू आला नाही, घरच्यांचा आला. त्यांचं ऐकू नकोस असं मी म्हणणार नाही. फक्त प्रत्येक ओळीपाशी थांबून विचार, कुणाला कधी कळणारच नसेल तरी मला हे हवंय का? नको असेल ती ओळ आजच काढ. त्यात कमीपणा नाही.

पुढच्या पत्रात सगळा आराखडा पाठवू नकोस. येत्या तीन महिन्यांतलं एकच काम पाठव: कधी, कुठे, किती करणार, आणि असलंच मागचं काम प्रत्यक्षात किती दिवस चाललं होतं. त्यावर आपण बोलू.

सस्नेह,
तुझी मॅडम