‘फक्त नाव लागेल’ म्हणतात, तेव्हा

प्रश्न : माझी मुलगी पंचवीस वर्षांची आहे, ऑडिट फर्ममध्ये नोकरी करते. ज्या सामाजिक संस्थेत ती स्वयंसेवक म्हणून जायची, त्यांनी तिला संचालक मंडळावर बोलावलंय. ‘फक्त नाव लागेल, वर्षाला चार बैठका’ म्हणतात. मानधन नाही. करिअरला उपयोग होईल, की नसती जबाबदारी गळ्यात पडेल? – एक आई

उत्तर : ताई, मानधन नाही याची काळजी करू नका; ही पदं बहुतेक ठिकाणी मानदच असतात. मला खटकलं ते ‘फक्त नाव लागेल’. संस्थेचा पैसा कुठे गेला, याचा जाब शेवटी मंडळाला द्यावा लागतो. ‘मी त्या बैठकीला नव्हते’ म्हणून सुटका होतेच असं नाही.

आधी एक गोष्ट तपासा. तिची फर्म याच संस्थेचं ऑडिट करत असेल, तर विषय इथेच संपला. तिने मंडळावर जाता कामा नये. करत नसली तरी फर्मला विचारूनच होकार द्यावा.

मंडळ संस्थेची दिशा ठरवतं, मुख्य कार्यकारी अधिकारी नेमतं आणि वेळ आली तर बदलतं, अंदाजपत्रक मंजूर करतं. रोजचा कारभार कर्मचाऱ्यांचा. तुमच्या मुलीच्या बाबतीत नेमकी हीच रेघ पुसली जाण्याची भीती आहे. हिशेब येतात म्हटल्यावर व्हाउचरं लिहायला तिलाच बसवतील! लिहिणारी तीच आणि तपासणारीही तीच, यात काय धोका आहे ते तिला सांगायला नको.

तिचा खरा उपयोग आहे तो प्रश्न विचारण्यात. समजा, बँकेत शंभर रुपये दिसतायत. त्यातले ऐंशी देणगीदाराने शिष्यवृत्तीसाठीच दिलेत. म्हणजे पगाराला मोकळे वीसच. ताळेबंद हातोहात फिरतो, सगळे माना डोलावतात, आणि हे विचारायचं राहून जातं. किंवा एखाद्या सदस्याच्या भावालाच कंत्राट द्यायचंय. त्या सदस्याने नातं आधीच सांगावं, चर्चा आणि मतदानापुरतं बाहेर बसावं आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी. ठराव पटला नाही, तर आपला विरोधही नावानिशी नोंदवून घ्यायचा. नव्या सदस्याला हे जड जातं, वयाने लहान असेल तर जास्तच.

करिअरला उपयोग नक्की आहे. अख्ख्या संस्थेचं अंदाजपत्रक समोर ठेवून निर्णय घ्यायची संधी पंचविशीत नोकरीत क्वचितच मिळते. तरी मी म्हणेन, आधी वर्षभर वित्त उपसमितीत काम करून बघावं. बऱ्याच संस्था मंडळाबाहेरच्यांनाही तिथे घेतात.

तेही नको, थेट मंडळावरच जायचं असेल, तर संस्थेची नियमावली, मागच्या तीन वर्षांचे ऑडिट अहवाल आणि वर्षभराची इतिवृत्तं मागून घ्यावीत. द्यायला टाळाटाळ झाली, तर नम्रपणे नकार कळवावा.

आणि हो, पुढचं पत्र तिला लिहू द्या.