उत्खननाच्या ट्रेंचमध्ये दिवसभर काय करतात? ब्रशने माती झाडायची एवढंच ना, आणि काही सापडतं का?

ब्रश दिवसातून दोनदा हातात येतो, दोन्ही वेळा फोटोच्या आधी. बाकी वेळ खुरपी, पिकाव, घमेलं. प्रश्नातलं ते ‘एवढंच ना’ वाचलं म्हणून लिहायला बसलो.

सकाळी सातला प्लास्टिक काढलं की पहिलं काम रात्री सेक्शनमधून, म्हणजे ट्रेंचच्या उभ्या कापलेल्या बाजूंतून, गळलेली माती उचलायचं. ती वरच्या थरांची असते, त्यातलं खापर चालू थराच्या पिशवीत गेलं की घोळ तिथेच सुरू. मग डंपी लेव्हल, म्हणजे पातळी मोजायची दुर्बीण. डेटमवर, म्हणजे ठरवून ठेवलेल्या कायम खुणेवर, मोजपट्टीचं १.२४ मीटर आणि तळाला २.०६ मीटर वाचन आलं तर तुम्ही डेटमच्या ८२ सेंटिमीटर खाली आहात. खोली जमिनीपासून मोजू नका. आपल्याकडे गोव्यात जमीन उताराची, ५ मीटरच्या चौकोनात दोन कोपऱ्यांत सहज वीतभर फरक निघतो.

आता खरा मुद्दा. इथली चिऱ्याची (जांभ्याची) माती वाळली की सगळी एकाच तांबूस रंगाची दिसते, थर आणि त्यात कधीकाळी खणून बुजवलेला खड्डा वेगळे कळत नाहीत. खुरपीने तळ सपाट तासायचा, फवाऱ्याने हलकं पाणी मारायचं आणि वीस मिनिटं कोणी आत पाय ठेवायचा नाही. आजूबाजूची घट्ट माती आधी सुकते, भरावाची भुसभुशीत माती ओल धरून राहते, तेव्हा गडद गोल उमटतो. खुरपीची मूठ आपटली तर तिथे आवाजही बद्द येतो. खुरपीच्या टोकाने कड आखायची, खिळे आणि दोरा लावायचा, आणि आधी तो खड्डाच रिकामा करायचा. जे शेवटी खणलं गेलं ते आधी उपसायचं.

हे न केल्याने काय होतं, ते मी एका ट्रेंचमध्ये बघितलं आहे. वरिष्ठांचा हुकूम: दहा-दहा सेंटिमीटर सरळ खाली चला, खड्डेबिड्डे नंतर सेक्शनमध्ये वाचू. तिसऱ्या थरात हाती वळलेल्या जुन्या नळ्यांचे, म्हणजे अर्धगोल कौलांचे, तुकडे येत होते, आणि त्यांच्यात मंगळुरी कौलाचा एक तुकडा निघाला. सपाट, खाच पाडलेला, यंत्रात दाबलेला, चुकणं शक्य नाही. मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ चा. म्हणजे तो तुकडा त्या थराचा असेल तर थर १८६५ नंतरचा, आणि त्याच्यावरचं सगळंही. तसंच लिहिलं गेलं. मी म्हणत होतो की तुकड्याभोवतीची माती सैल आहे, हा माड लावायचा खड्डा आहे. उत्तर मिळालं, ‘सेक्शनमध्ये तर दिसत नाही!’ अहो, खड्डा ट्रेंचच्या मधोमध होता, बॉकला, म्हणजे चौकोनांच्या मध्ये न खणता ठेवलेल्या मातीच्या भिंतीला, टेकलाच नव्हता, मग सेक्शनमध्ये दिसणार कुठून? तोवर तो निम्मा घमेल्यातून मातीच्या ढिगावर गेला होता. आजही माझं मत तेच आहे.

पडक्या भिंतींपाशी तर हे जास्तच जपावं लागतं. लोकांनी घरं बांधायला पायापर्यंतचे चिरे उपसून नेलेले असतात, उरतो तो फक्त चिरे काढल्याचा लांबट चर. तो ओळखला नाही तर भिंतही गेली आणि तिचा पुरावाही.

चाळणीवर बसवलं तर कंटाळा करू नका. माती ओली असेल तर अर्धा तास पसरून ठेवा, नाहीतर जाळी लिंपून जाते. पातळ, चपटी, अर्धपारदर्शक शिंपली जेवणाचा कचरा म्हणून फेकू नका. कड सरळ कापलेली असेल तर ते जुन्या खिडकीचं तावदान आहे. पिशवीत चिठ्ठ्या दोन, एक आत, एक बाहेर, दोन्ही पेन्सिलीने. पेनची शाई घामाने उतरते.

सापडेल का? खापरं, कौलं, खिळे नक्की. हाडं सहसा नाही, आपली माती आम्लधर्मी, चुन्याच्या गिलाव्याजवळ मात्र टिकतात. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिन चर्चच्या पडक्या अवशेषांत जॉर्जियाच्या राणी केटेवानचं हाड मिळालं, त्याचा डीएनए अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पण ते नेमक्या कुठल्या जागी मिळालं ही नोंद जुन्या पोर्तुगीज कागदांशी ताडता आली नसती, तर हे हाड तिचं असू शकतं हे तरी कशावरून ठरवायचं?

हे सगळं चौकोन आखून, बॉक ठेवून होणाऱ्या खोदकामाबद्दल; सलग मोठं क्षेत्र उघडतात तिथे पद्धत थोडी वेगळी. भाताच्या खाचराशेजारी पाणी लागलं की तो फवारा निरुपयोगी. आणि परवान्याशिवाय कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) स्वतः खणून बघू नका. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही पुरलेलं मिळालं तर कलेक्टरला कळवायचं, असा कायदा १८७८ पासून आहे.

दहाला पेजेची सुट्टी होते. तेव्हा बॉकवर बसू नका, कड ढासळते.