स्कॉटलंडमधलं स्टाफा हे निर्जन बेट एवढा खटाटोप करून बघण्यासारखं आहे का?

आहे, पण एकाच दिवसाच्या भरवशावर जाऊ नका. मी ग्लासगोत राहतो. पहिल्या खेपेला समुद्र इतका उसळला होता की बोट धक्क्याला लागेचना. बेटाला वळसा घालून परत. पुढच्या वर्षी उतरायला मिळालं.

ओबान बंदरातून फेरीनं मल बेट, तिथून बसनं फिनाफोर्ट आणि मग छोटी बोट. बेट जेमतेम 33 हेक्टर. बहुतेक बोटी तासभर थांबतात.

बघायचा तो दगड. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारस साचला आणि सावकाश थंड होताना आकसला. आटलेल्या तळ्यातल्या चिखलाला पडतात तशाच भेगा, फक्त या खोल खालपर्यंत गेल्या आणि बहुतांशी षट्कोनी खांब तयार झाले. कड्याचा वरचा थर बघा, तो लवकर निवला म्हणून वेडावाकडा राहिलाय.

गंमत म्हणजे मी अंधेरीत वाढलो. गिल्बर्ट हिलवरच्या देवळात किती वेळा गेलो असेन, पण ती टेकडीही अशाच बेसाल्टच्या खांबांची आहे हे इथे आल्यावर कळलं!

फिंगलच्या गुहेकडे तुटक्या खांबांच्या माथ्यांवरून चालत जावं लागतं. ओले माथे भयंकर निसरडे असतात, चपला नकोत. ही वाट कधी कधी बंद असते, बोटवाल्याला आधी विचारा. गुहा साधारण 70 मीटर खोल. लाट आत शिरते, क्षणभर काहीच नाही, मग तळातून घुमल्यासारखा आवाज येतो. गेलिक या इथल्या जुन्या भाषेतलं तिचं नाव 'सुरेल गुहा' अशा अर्थाचं आहे. जर्मन संगीतकार मेंडेल्सझोन 1829 मध्ये इथे आला, बोट लागून बेजार झाला. गुहा बघून त्याला सुरावट सुचली असं गाईड सांगतात, पण तिची सुरुवात त्यानं आदल्याच दिवशी पत्रात लिहून घरी कळवली होती.

मे ते जुलैमध्ये गेलात तर आधी वर गवतात जा. सगळे गुहेकडे पळतात, मी उलट केलं. कड्यापासून जरा लांब गप्प बसलो, तर दहा मिनिटांत पफिन पक्षी हाताच्या अंतरावर उतरले. एकाच्या चोचीत चांदीच्या तारांसारखे मासे लोंबत होते. माझ्याकडे ढुंकूनही न बघता तो बिळात शिरला. बिळांवर पाय पडू देऊ नका, जमीन आतून पोकळ असते.

बेटावर संडास नाही. फिनाफोर्टलाच उरकून घ्या.