रक्त आलं होतं ना? मग केसपेपर आधी दुरुस्त करून घ्या

विट्याच्या ताई, तुम्ही लिहिलंय की मुलाच्या बोटाला कुत्रं चावलं, रक्त आलं, पण दवाखान्यानं पेपरवर 'कॅटेगरी दोन' लिहून नुसती रेबीजची लस टोचली आणि पुढच्या तारखा दिल्या. तासगावकडं आमच्या पुतण्याचं अगदी हेच झालं होतं, म्हणून लिहितोय. मी डॉक्टर नाही, द्राक्षबागायतदार आहे. खालचं सगळं डॉक्टरांकडून पडताळून घ्या, पण आजच.

जखम साबणानं धुणं वगैरे झालंच असेल, त्यात जात नाही.

रक्त न येता नुसतं खरचटलं तर ती कॅटेगरी दोन, तिथं लस पुरते. दात कातडीच्या आत गेला, रक्त आलं की कॅटेगरी तीन. मग लसीबरोबर सिरमही (विषाणूला जागीच निकामी करणारं तयार इंजेक्शन) लागतं, तेही जखमेतच. आमच्या वेळी खिडकीवरच्या माणसानं पोराच्या हाताला बांधलेला रुमाल सोडूनसुद्धा बघितला नाही. 'किरकोळ ओरखडा' लिहून मोकळा! नंतर ओळखीच्या औषध दुकानदारानं सिरमचं विचारलं तेव्हा आमचे डोळे उघडले. दुसऱ्या दवाखान्यात सिरम होतं, पण ते म्हणाले, पेपरवर ओरखडा लिहिलंय, आम्ही कसं देऊ? पहिल्या ठिकाणी परत गेलो तर साहेब जेवायला गेलेले. जखम डोळ्यांसमोर दिसत असताना सगळे कागद वाचत बसले होते. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी रुमाल सोडला, जखम बघितली आणि पेपर नव्यानं लिहिला. मुदत संपत आली होती तोवर.

मुदत म्हणजे काय ते सांगतो, कारण हे कुणी समजावत नाही. लस म्हणजे पेरणी आणि सिरम म्हणजे बाजारातनं आणलेलं तयार धान्य. लस टोचली की शरीर रेबीजचा विषाणू ओळखायला शिकतं आणि स्वतःची प्रतिपिंडं बनवतं, पण त्याला साधारण 7 ते 14 दिवस जातात. तोवर विषाणू जखमेपाशी स्वस्थ बसेलच असं नाही. तो रक्तातनं फिरत नाही, जवळच्या मज्जातंतूत शिरतो आणि त्यातनं मेंदूकडं सरकतो. एकदा आत शिरला की शरीराच्या पहारेकऱ्यांना तो फारसा दिसतही नाही. बोटांत आणि तोंडावर मज्जातंतूंचं जाळं दाट असतं, म्हणून तिथला चावा जास्त घातकी. सिरममध्ये तयार प्रतिपिंडं असतात, ती जखमेतच विषाणूला निकामी करतात. लसीच्या पहिल्या डोसनंतर 7 दिवस उलटले की सिरम देत नाहीत, कारण तोवर शरीराची स्वतःची प्रतिपिंडं यायला लागलेली असतात.

सिरमचा डोस वजनावर असतो. घोड्यापासून बनवलेलं असेल तर किलोमागं 40 युनिट, माणसाचं असेल तर 20. तेव्हा पोराचं वजन करूनच जा, अंदाजानं सांगू नका. बोटात सुई टोचताना पोरगं जाम ओरडतं, पण त्यासाठी 'दंडात द्या' म्हणू नका. आणि 'सिरम संपलंय' म्हणाले तर तेच पेपरवर लिहून मागा. माझा अनुभव असा की लिहून द्यायची वेळ आली की कपाटात कधीकधी सापडतं. सगळीकडं असंच असतं असं नाही, चांगली माणसंही भेटतात.

कुत्रं पाळीव आहे, दहा दिवस बघू, असं शेजारी म्हणतायत ना? बघा की, पण उपचार चालू ठेवून. दहा दिवसांनी कुत्रं ठणठणीत असेल तर पुढचे डोस थांबवायचे का ते डॉक्टर ठरवतील. आणि जखमेवर मिरची-हळद चोळणाऱ्या मावश्यांना दारातनंच परत पाठवा. मला त्यांचा राग येतो, लिहून टाकलं.

दंडात कातडीच्या थरातच टोचायची लस असेल तर पहिल्या डोसचा दिवस 0 धरून 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी डोस असतात. 28 व्या दिवसाचा डोस लोक हमखास विसरतात, तेवढा कॅलेंडरवर लिहा. सगळं झाल्यावर केसपेपर प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाजवळ ठेवा. लस पूर्ण झाली की शरीर ती ओळख जपून ठेवतं, त्यामुळं पुढं कधी परत कुत्रं चावलं तर साधारणपणे 0 आणि 3 असे दोनच डोस लागतात, सिरम लागत नाही. पण आधीची लस पूर्ण झाल्याचा कागद दाखवता आला पाहिजे.