दूरच्या सर्व्हरवरचा ॲडमिन प्रवेश: पोर्ट नंतर, पासवर्ड आधी

आपला वेब सर्व्हर दूरच्या डेटा सेंटरमध्ये आहे, तिघेजण रूट या सर्वाधिकारी खात्याचा एकच पासवर्ड वापरून एसएसएचने (दूरच्या संगणकावर काम करण्याच्या सुरक्षित जोडणीने) आत जातात आणि लॉगमध्ये रोज हजारो फसलेले लॉगिन दिसतात. तेव्हा एसएसएचचा नेहमीचा प्रवेशमार्ग, म्हणजे पोर्ट २२, बदलून फेलटूबॅन (वारंवार फसलेले लॉगिन करणारे पत्ते अडवणारे साधन) बसवले तर पुरेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते पुरणार नाही. पोर्ट बदलल्यावर लॉग शांत होईल, पण तो सामायिक पासवर्ड आज जितका धोक्याचा आहे तितकाच उद्याही राहील. फसलेल्या प्रयत्नांपेक्षा मला काळजी वाटते ती यशस्वी लॉगिनची, कारण त्यांतले कोणते तुमच्यापैकी कोणाचे, हे आज कोणालाच सांगता येणार नाही.

काहीही बदलण्याआधी परतीची वाट तपासून घ्या. होस्टिंग कंपनीच्या पॅनेलमधून मिळणाऱ्या कन्सोलवर (एसएसएच बंद पडले तरी सर्व्हरपर्यंत पोहोचवणाऱ्या खिडकीवर) आजच एकदा प्रत्यक्ष लॉगिन करून पाहा, आणि त्या पॅनेलच्या खात्याला द्विस्तरीय पडताळणी लावा, कारण ते खाते ज्याच्या हाती लागेल त्याच्या हाती सर्व्हरही लागेल. मी एकदा फायरवॉलचा नियम चुकवून स्वतःलाच बाहेर ठेवले होते. साइट व्यवस्थित चालू होती, पण कन्सोलचा पासवर्ड आमच्यापैकी कोणाकडेच नव्हता, त्यामुळे दुसऱ्या दिवसापर्यंत सर्व्हरला हात लावता आला नाही. तेव्हापासून फायरवॉलला हात लावण्याआधी मी पाच मिनिटांनी जुने नियम आपोआप परत येतील अशी व्यवस्था करून ठेवतो, आणि नव्या नियमांनिशी दुसऱ्या खिडकीतून आत जाता आले की मगच ती रद्द करतो. एसएसएचची सेवा पुन्हा सुरू केली तरी आधीपासून जोडलेले सत्र सहसा तुटत नाही. म्हणून नव्या लॉगिनची खात्री होईपर्यंत पहिली खिडकी बंद करू नये.

त्यानंतर तिघांनीही आपापल्या संगणकावर ईडी२५५१९ प्रकारची किल्ली तयार करावी (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी, खासगी आणि सार्वजनिक अशा दोन भागांची) आणि तिला पासफ्रेज, म्हणजे ती उघडण्याचे गुप्त शब्द, द्यावा. खासगी किल्ली त्या संगणकाबाहेर जाऊ नये. सर्व्हरवर फक्त सार्वजनिक किल्ली ठेवायची असते. प्रत्येकाचे स्वतंत्र खाते असावे, प्रशासकीय कामासाठी सुडो (तेवढ्यापुरते रूटचे अधिकार देणारी आज्ञा) वापरावे आणि एसएसएचवरून रूटचा प्रवेश बंद करावा. असे केले म्हणजे एखादा सहकारी काम सोडून गेला तरी त्याचे खाते बंद करून भागते, बाकीच्यांना काही बदलावे लागत नाही. हार्डवेअर किल्ली (लॉगिनसाठी जवळ बाळगायचे छोटे उपकरण) घेणे शक्य असेल तर अवश्य घ्या, ओपनएसएसएच या एसएसएचच्या प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये ८.२ आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, ती सोय आहे.

आता पासवर्ड बंद करण्याविषयी. इथे अनेकजण फसतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मुख्य सेटिंग फाइलमध्ये पासवर्ड ऑथेंटिकेशनपुढे ‘नो’ लिहिले, सेवा पुन्हा सुरू केली, आणि तरीही सर्व्हर पासवर्ड स्वीकारतो, असे घडते. उबुंटूसारख्या लिनक्स वितरणांत मुख्य फाइलच्या सुरुवातीलाच एका वेगळ्या फोल्डरमधील छोट्या फाइली वाचल्या जातात, आणि एसएसएच सर्व्हर एखाद्या सेटिंगचे जे मूल्य प्रथम वाचतो तेच धरतो. क्लाउड-इनिटने (सर्व्हर प्रथम सुरू होताना सेटिंग लिहिणाऱ्या साधनाने) त्या फोल्डरमधील फाइलमध्ये ‘येस’ लिहून ठेवले असेल, तर आपल्या खालच्या ‘नो’ला काहीच अर्थ उरत नाही. कीबोर्ड इंटरॅक्टिव्ह नावाचे वेगळे सेटिंगही बंद करावे लागते, नाहीतर पासवर्ड त्या वाटेने विचारला जाऊ शकतो. म्हणून फाइल वाचून समाधान मानू नका. एसएसएचडी ही आज्ञा मोठ्या लिपीतील ‘टी’ पर्यायासह चालवली की प्रत्यक्षात लागू होणारी मूल्ये दिसतात. ती पाहा, आणि ज्या संगणकावर किल्ली नाही तिथून लॉगिनचा प्रयत्न करा. पासवर्ड न विचारताच नकार मिळाला पाहिजे.

एवढे झाल्यावर एसएसएचचे पोर्ट सगळ्या जगासाठी उघडे ठेवायचे का, याचा विचार करावा. मी ठेवत नाही. जुलै २०२४ मध्ये उघड झालेली आणि ९.८ आवृत्तीत दुरुस्त झालेली ओपनएसएसएचमधील त्रुटी लॉगिन होण्याआधीच लागू पडत होती, त्यामुळे नुसता पासवर्ड बंद करून तिच्यापासून बचाव होत नव्हता. आपला आयपी पत्ता स्थिर असेल तर फायरवॉलमध्ये तेवढाच मोकळा ठेवा. तो बदलत असेल तर वायरगार्ड हे व्हीपीएन (आपल्यापुरते खासगी जाळे) लावा आणि एसएसएच फक्त त्या आतल्या जाळ्यावर ऐकेल असे करा. ओळखीची किल्ली नसलेल्या पॅकेटला वायरगार्ड उत्तरच देत नाही. डेटाबेसचे वेब पॅनेल आणि साइटचा कंट्रोल पॅनेलही याच पडद्याआड न्या. सुरक्षा अपडेट आपोआप बसतील असे ठेवा. फेलटूबॅन त्यानंतर हवे तर लावा.

मात्र हे सर्व करण्याआधी लॉगमधील ‘ॲक्सेप्टेड पासवर्ड’ असलेल्या ओळी काढून, प्रत्येक आयपी पत्ता आणि वेळ तिघांनी मिळून ओळखावी. एखादी जरी ओळ कोणाचीच निघाली नाही, तर वरील उपाय त्या सर्व्हरवर करत बसू नका. नवा सर्व्हर उभारा, डेटा आणि साइटच्या फाइली तपासून तिकडे न्या आणि जुन्यावर असलेले सर्व पासवर्ड व किल्ल्या बदला.